रकाना क्रमांक सात

२ जून, सोमवार. रोहा

घशाच्या डॉक्टरांनी आज मला शिक्षा सुनावली. तीन महिने भाषण बंद! स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्या आहेत. साध्याच आहेत, पण घसा ताणत राहिलो तर कापाव्या लागतील. मी विचारले, "थोडेसे बोललो तर?" डॉक्टरांच्या आधी माझी बायको रंभाच म्हणाली, "यांना थोडं येत नाय, डॉक्टर."

चौतीस वर्षे मी धाटावच्या कंपनीत ऑपरेटर होतो, त्यातली बावीस युनियनचा सेक्रेटरी. मी गेटवर बोलायला उभा राहिलो की सुटलेल्या शिफ्टची माणसे बस सोडून ऐकत थांबायची. (रंभाच्या मते बस मीच अडवून धरलेली असायची.) निवृत्तीनंतर शाळा, वाचनालये, लग्नाचे मांडव, काही सोडले नाही. असा काळुराम मोकल तीन महिने गप्प बसणार कसा? म्हणून ही वही. जे बोलायचे ते इथे.

आणि विषय तर काल स्वतःच्या पायांनी दारात आला.

निशिगंधा काल नेहमीप्रमाणे पेणहून आली. ही मुलगी बालगृहात वाढली. तिथे मी दर प्रजासत्ताक दिनाला भाषणाला जायचो. ती आठवीत असताना भाषण संपल्यावर पुढे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही 'हक्क' एकोणीस वेळा म्हणालात. मी मोजलं. पण तो मिळतो कुठं, ते नाय सांगितलं." त्या दिवसापासून ती माझी विद्यार्थिनी. वय भरल्यावर बालगृह सोडावे लागले. आता ती पेणला आणखी दोन मुलींबरोबर खोली करून राहते आणि हिरामणशेटच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीचे काम करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. सगळ्यात शेवटचे आणि सगळ्यात जोखमीचे काम. बारावी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. अठ्ठेचाळीस टक्के.

दर रविवारी ती माझ्याकडे पुस्तक न्यायला येते. दिवाळीत दिलेला कामगार चळवळीच्या इतिहासाचा खंड काल तिच्या पिशवीतून काढून पाहिला. खूण पंधराव्या पानावर होती. पण येणे एकदाही चुकलेले नाही. भर पावसात आली आहे, तापात आली आहे. वाचनाची ओढ म्हणतात ती ही! रंभाला हे सांगितले, तर ती कोलंबीचे कालवण ढवळत नुसती हसली.

काल मात्र तिच्या हातात एक छापील अर्ज होता. मुंबईकडच्या एका विद्यापीठाने यंदापासून एक वेगळी वाट काढली आहे. बालगृहातून बाहेर पडलेल्या आणि हाताने काम करणाऱ्या मुलांसाठी दृश्यकलेच्या पदवीच्या दहा जागा. गुणांपेक्षा कामाचा अनुभव बघणार. ऑनलाइन अर्ज तीस जूनपर्यंत. जागा मिळाली तर हाच कागद सह्यांसकट प्रवेशाच्या दिवशी द्यायचा.

अर्ज हातातच धरून ती एकेक रकाना वाचून दाखवत होती, आणि सात नंबरच्या रकान्यापाशी माझे रक्त उसळले. "पालकाचे नाव व सही." ज्या मुलांना कुणी नाही त्यांच्यासाठी वाट काढता, आणि त्याच वाटेवर हा काटा ठेवता?

निशी म्हणाली, "काका, सात नंबरचं काय करू? मी विचार करत होते, की..."

"रिकामा ठेव!" मी गर्जलो. (डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट, त्यामुळे धरायची नाही.) "तो रिकामा रकाना म्हणजे तुझा झेंडा!"

तिने अर्जाची घडी घातली. रंभाने कालवणाचे पातेले जरा जोरातच खाली ठेवले.

४ जून, बुधवार

कुलगुरूंना पत्र लिहायला घेतले. विषय : रकाना सात तात्काळ रद्द करणे. अकरा पाने झाली. बोलायची बंदी झाल्यापासून हाताला धार आली आहे.

८ जून, रविवार

पत्र निशीला वाचून दाखवले, हळू आवाजात. तिने सगळे ऐकून घेतले. नवव्या पानावर "या मुलांना कुणाच्याही नावाच्या कुबडीची गरज नाही" हे वाक्य आले तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. विचारांनी भारावली असावी.

मग तिने खरी अडचण सांगितली. अर्जात कामाचा पुरावा मागितला आहे. दोन वर्षांच्या कामाचे नमुने किंवा फोटो, आणि ते काम तिचेच आहे असे मालकाचे पत्र.

"मग पाठव नमुने," मी म्हणालो.

"कुठून पाठवू, काका? दोन हंगामांत चारशे मूर्ती केल्या असतील. सगळ्या विसर्जनाला गेल्या."

सुतार खुर्ची दाखवील, गवंडी भिंत दाखवील. हिने जे जे केले, ते पाण्यात बुडवले गेले. तेही वाजतगाजत.

"फोटो?"

"कारखान्यात रंगकाम चालू असताना फोटोला कुणाचा हात मोकळा असतो? आणि मूर्तीवर नाव नाय घालायचं, असा शेटचा नियम. देवावर कुणाची सही नको म्हणतो."

रंभा म्हणाली, "मग काय गो, अडलं इथंच?"

"इथंच, काकी." आणि हसली. ही मुलगी रडायच्या जागी हसते. मला ते आवडते. लढवय्याचे लक्षण आहे.

११ जून, बुधवार

जाहीर आवाहन लिहिले. "पेण, रोहे आणि खाडीपट्ट्यातील गणेशभक्तांनो!" चार पाने. ज्यांनी हिरामणशेटच्या कारखान्यातून गणपती नेला त्यांनी फोटो पाठवावेत. मागणी तिसऱ्या पानावर आहे, कारण त्याआधी श्रमाच्या इतिहासाची पार्श्वभूमी देणे भाग होते. शंभर प्रती काढून एसटी स्टँडवर, वाचनालयात आणि तीन रसवंतीगृहांत लावल्या.

१३ जून, शुक्रवार

फोटो : एक. तोही आवाहनाचाच. कुणीतरी कागद उलटा लावल्याची तक्रार होती.

१५ जून, रविवार

चमत्कार! एका दिवसात एकशे बेचाळीस फोटो आले. शेवटी शब्दांची ताकद कळायला लोकांना चार दिवस लागले, एवढेच. आश्चर्य म्हणजे सगळे फोटो रंभाच्या फोनवर आले. आवाहनावर नंबर माझा होता. तिने काल तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर काहीतरी बोलून टाकले होते, ते मी ऐकले : "हिरामणच्या कारखान्यातला गणपती कुणी कुणी आणला? फोटो टाका गो. पोरीचं कॉलेज अडलंय." एवढेच. त्यात इतिहासही नाही की भूमिकाही नाही. माझ्या आवाहनाने जमीन नांगरून ठेवली नसती तर या तीन ओळी कुठे रुजल्या असत्या?

फोटो मजेशीर आहेत. एकात गणपतीपुढे फ्रिजचे दार उघडे आहे. एकात आजोबा नैवेद्याचा मोदक खाताना सापडले आहेत. एकात गणपती दिसतच नाही, पण नवीन साडी पूर्ण दिसते.

पण फोटो पाठवले म्हणून भागत नाही. यातली निशीची आखणी कुठली, तिच्या जोडीला आखणी करणाऱ्या जगनची कुठली, हे सांगणार कोण? फक्त हिरामण. निशी म्हणते, आखणी करणाऱ्याचा हात त्याला सहीसारखा ओळखू येतो. पण तो पत्राचे नाव काढले की हं-हूं करतो आहे. हंगाम तोंडावर, आणि ही त्याच्याकडची सगळ्यात चांगली कारागीर. सोडील कसा? मालक तो मालक!

१७ जून, मंगळवार

रंभा सकाळच्या गाडीने माहेरी कासूला गेली. संध्याकाळी परतली ती पेणचे पोह्याचे पापड घेऊन. पापडासाठी कासूच्या पुढे पेणपर्यंत गेली! खाण्याच्या बाबतीत ही बाई कशालाही मागे हटत नाही.

१८ जून, बुधवार

आज मी बंदी मोडली. कबूल करतो. अन्याय समोर असताना गाठींचा विचार करायचा नसतो.

दहाच्या सुमाराला हिरामणच्या कारखान्यात शिरलो. आत पाहतो तर दोनशे मूर्ती, बारा माणसे आणि स्मशानशांतता. कुणी बोलत नाही. रेडिओ बंद. पंखासुद्धा बंद, सगळे घामाने निथळत आहेत. मी मनात म्हटले, ही दहशत! माणसाला श्वास घ्यायची चोरी! एक शाडूचे पोते दिसले, त्यावर चढलो आणि पोटातून आवाज काढला, "बंधूंनो आणि भगिनींनो!"

बारा माणसे एकदम दचकली. जगन एका तीन फुटी मूर्तीचा डोळा काढत होता. त्याचा ब्रश भुवईवरून सरळ कपाळावर गेला आणि गणपतीला तिसरा डोळा फुटला.

हिरामण धावत आला. "काका! आखणी चाललीय! आखणीच्या वक्ताला आमी पंखा पन लावत नाय. खोकला आला तर मानूस भायेर जातो. आन तुमी पोत्यावर चढून सभा घेता?"

"मला वाटले, तुमच्या धाकाने..."

"धाक कसला? माजीच शिंक धरून ठेवलीय मी पाच मिन्टं!" आणि त्याला ती आलीच.

मग जे हसू फुटले! निशीने ब्रश खाली ठेवून तोंडावर ओढणी धरली. जगन कपाळावरचा डोळा पुसता पुसता म्हणाला, "राहू दे की शेट. काकांच्या युनियनला देऊ हाच."

पण भाषणाचा परिणाम झालाच. हिरामणने टेबलाचा खण उघडून सहीशिक्क्याचे पत्र मला दिले. "निशिगंधा ही माझ्या कारखान्यात दोन हंगाम आखणी करते. तिच्यासारखा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही." पोत्यावरून मी उच्चारलेल्या तीन शब्दांनी एका मालकाचे मन पालटले! पत्रावर तारीख मात्र कालची पडली आहे. गडबडीत चुकली असेल.

निघताना तो हळूच म्हणाला, "काकींना इचारा, पापड चांगले निगाले ना ते." मी म्हटले, उत्तम. या भागात एकमेकांच्या पापडांची खबर सगळ्यांना असते.

२० जून, शुक्रवार

आवाज पूर्ण बसला. रंभाच्या म्हणण्यानुसार घरात कधी नव्हे ते मिक्सरचा आवाज ऐकू आला.

२२ जून, रविवार

हिरामण आणि जगन स्वतः रोह्याला आले. आमच्या ओटीवर बसून फोटो निवडले. हिरामण चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो डोळ्यांजवळ नेई. "जगन. जगन. ही माजी. ही निशी. निशी. हा तर आमच्याकडचा नायच, खोटं बोलते ती बाई." दुपारपर्यंत एकसष्ट फोटो निशीचे निघाले. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी फ्रिजशेजारी, तिचे काम जिवंत होते.

तेवढ्यात रंभाची मावसबहीण काशीबाई आली. खाडीकडच्या मिठागरात काम करते. तिच्याकडे फोन नाही, म्हणून भिंतीवरचा फ्रेमचा फोटोच काढून पिशवीतून घेऊन आली. निशीला म्हणाली, "ह्ये डोले तू काढलंस? मंग मना सांग गो, आमचा गनपती समोर कंदी बघत नाय. आपन पाया पडाला उबं रायलो का आपल्या खांद्यावरशी मागं बघतो. दाराकडं. कोन येनार हाय जसा."

हिरामण म्हणाला, "बरोबर हाय. तीच तर खूण हाय तिची. त्यावरनंच ओळखतो मी."

मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. खरेच, एकसष्टच्या एकसष्ट गणपती आपल्या पाठीमागे बघतात. आमच्या घरच्या गेल्या वर्षीच्या फोटोतलासुद्धा.

"असं होतं होय माझ्याकडून?" निशी म्हणाली. तिला स्वतःलाच माहीत नव्हते. तिने ओढणीने फ्रेमची काच पुसली. मग म्हणाली, "मी चहा टाकते." रंभा तिच्या मागोमाग आत गेली.

मी बाहेर हिरामण आणि जगनला (कागदावर लिहून) समजावले की ही शोषितांची उद्याच्या पहाटेकडे लागलेली नजर आहे. जगन म्हणाला, "असंल, काका." चहाला मात्र फार वेळ लागला.

२८ जून, शनिवार

अर्ज ऑनलाइन गेला. फोटो, पत्र, बालगृहाचा दाखला, सगळे चढवले. बटण दाबायच्या आधी निशीने पुन्हा विचारले, "सात नंबर?" मी बोट उगारून ठामपणे नकार दिला. तिने स्क्रीनवर तिथे एक आडवी रेघ टाइप केली. मला अभिमान वाटला. मग तो अभिमान जेवताना का कोण जाणे टिकला नाही. रंभा माझ्याशी बोलत नाही, हे एक कारण असेल.

११ जुलै, शुक्रवार

मुलाखत. मी बरोबर गेलो. रंभाने घरून निघताना मला खडीसाखर दिली आणि निशीला माझ्यावर नजर ठेवायला सांगितले.

आत फक्त उमेदवारांना प्रवेश. मी बाहेर बाकावर, खिशात बारा मुद्दे. चाळीस मिनिटांनी निशी बाहेर आली. मी खुणेनेच विचारले, काय झाले?

"कागद दिला आणि डोळा काढायला सांगितला. मी म्हटलं, पंखा बंद करा."

"मग?"

"केला. तिघं परीक्षक घाम पुसत बसले. मग विचारलं, पदवी कशाला हवी, हातात कला आहेच की." तिने पिशवी खांद्याला लावली. "मी म्हटलं, मी केलेलं सगळं पाण्यात सोडून येतात. ते बरोबरच आहे, देव असतो तो. पण एक तरी गोष्ट माझ्यापाशी राहू दे. जी कुणी घेऊन जाणार नाय."

माझ्या बारा मुद्द्यांत हा नव्हता. परतीच्या गाडीत मी ते कागद काढून पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवले. क्षणभर वाटले, गेली सात वर्षे या मुलीसमोर मी बोलतो आहे, की तिने मला काही सांगावे म्हणून कधी थांबलोही आहे? मग पेण आले आणि ती उतरली.

१४ जुलै, सोमवार

विजय! विद्यापीठाचे उत्तर आले. "रकाना क्र. ७ सक्तीचा नाही. अर्जदार ज्यांना आपले मानतो अशा कोणत्याही प्रौढ व्यक्तीचे नाव तिथे चालेल, अन्यथा तो रिकामा ठेवता येईल." अकरा पानांनी व्यवस्था झुकवली! लगेच निशीला फोन केला. (कुजबुजत.)

ती म्हणाली, "म्हणजे कुणाचंही नाव चालतं? नात्यातलं नसलं तरी?"

"कुणाचेच नको! मोकळी झालीस तू!"

पलीकडे कारखान्याचा पंखा घरघरत होता. "बरं काका," ती म्हणाली.

पेढे आणले. रंभाने घेतला नाही. "तुमी नऊशे पुस्तकं वाचली," ती म्हणाली, "पोरीचं तोंड एकदा वाचा." फोनवर तोंड दिसत नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिले.

२१ जुलै, सोमवार

यादी लागली. दहा जागा, चौथे नाव निशिगंधा.

यापुढे काही लिहिता येत नाही. हिरामणने कारखान्यात भर आखणीच्या वेळी पंखा लावला आणि जगनने रेडिओ. शेट म्हणाला, दर रविवारी आखणीला ये, तेवढं आमच्यावर उपकार कर. "रविवारी नाय जमायचं," ती म्हणाली म्हणे, "रविवारी रोह्याला जाते. शनिवारी येईन." पुस्तकांसाठी कामावर पाणी सोडणारी माणसे अजून आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

प्रवेशाचा दिवस. तिघेही गेलो. रंभाने कपाटातली चांगली साडी काढली होती.

खिडकीवर लांब रांग. आमचा नंबर आला. कारकून बाईंनी अर्ज उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "सात नंबर पेन्सिलीत आहे. शाईत करा. आणि सही कुठे आहे?"

मी पुढे सरसावलो. उत्तराचे पत्र माझ्या पिशवीत होतेच. "रकाना सक्तीचा नाही, मॅडम! हे पाहा..."

"अहो, पण नाव लिहिलंय ना इथं." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

काळुराम मोकल. रंभा काळुराम मोकल. एका ओळीखाली दुसरी. आखणीच्या ब्रशासारखी बारीक, न थरथरलेली रेघ. पेन्सिल मळकट झाली होती, घड्यांच्या जागी पुसट झाली होती. त्या पहिल्या रविवारी तिने अर्जाची घडी घातली, तेव्हाच ती तिथे असणार.

मागून कुणीतरी म्हणाले, "आवरा हो काका." मी निशीकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. फरशीकडे बघत होती. "पुसायचं राहून गेलं," ती म्हणाली. "रिकामा ठेवते."

मला बोलायचे होते. डॉक्टरांची शपथ, त्या क्षणी घशाला काहीही झालेले नव्हते.

"पेन," एवढे बोललो.

रंभाने पेन आधीच उघडून धरले होते. मी सही केली. तिने केली. कारकून बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पुढचा."

२७ जुलै, रविवार

निशी आली. मी पुस्तक काढून ठेवले नव्हते. तिने विचारलेही नाही. दुपारी आम्ही तिघे पत्ते खेळलो. मी हरलो. आठवडाभराच्या गोष्टी ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. तिला तोंडली आवडत नाहीत, हे मला आज कळले.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

निशी वसतिगृहातून काल रात्रीच आली. आमची मूर्ती तिने शनिवारी स्वतः आखलेली. सकाळी प्रतिष्ठापना झाली. काशीबाईही आली होती. ती पाया पडली, उभी राहिली, डावीकडे झाली, उजवीकडे झाली, आणि म्हणाली, "ह्यो तं समोर बघतो."

मीही पाहिले. खरेच. गणपती सरळ आमच्याकडे बघत होता. खांद्यावरून मागे नाही, दाराकडे नाही. आम्हा तिघांकडेच.

मला काळजी वाटली. हाताची दोन वर्षांची ठेवण अशी एकाएकी बदलते म्हणजे काय? प्रवेशाची धावपळ, वसतिगृहाचे जागरण, नजरेवर ताण आला असेल. डॉक्टरांना दाखवायला हवे. मी तसे म्हणालो.

निशी हसायला लागली. रंभाने माझ्या हातात टाळ दिले.

"तीन म्हैने होत आले," ती म्हणाली. "आता घसा मोकला करा. आरती सुरू करा."